लिनक्स पुन्हा टाकण्याआधी बूट ऑर्डर बघा
एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असताना विंडोज अपडेटनंतर ग्रबचा (सुरुवातीला कोणती सिस्टीम चालू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू गायब झाला तर लिनक्स पुन्हा टाका, असा सल्ला एका लेखात दिला आहे; तो कृपया लगेच अमलात आणू नका. यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेलं फर्मवेअर) असलेल्या मशीनवर ग्रबच्या फाइल्स बहुतेक वेळा ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे बूटच्या फाइल्स ठेवणाऱ्या डिस्कच्या छोट्या भागात, जशाच्या तशा असतात. फक्त बूट ऑर्डरमध्ये (आधी काय सुरू करायचं त्या क्रमात) विंडोज बूट मॅनेजर वर सरकलेला असतो. फर्मवेअर सेटिंगमध्ये जाऊन लिनक्सची नोंद पहिली करा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. (बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, चालू असेल तर रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा!) लिनक्सची नोंदच नसेल तर लाइव्ह यूएसबीवरून (थेट पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्समधून) ग्रब पुन्हा बसवा, पण ती यूएसबी यूईएफआय मोडमध्येच सुरू झालेली हवी. आणि ग्रबच्या मेनूत विंडोजच दिसत नसेल तर लक्षात घ्या, ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (मशीनवरच्या इतर सिस्टीम शोधणारा प्रोग्राम) मुळातच बंद असतो; तो चालू करून ग्रबची कॉन्फिग फाइल नव्याने तयार करा.