बचित्तरसिंगाचं नाव

झेंडावंदन सकाळीच झालं होतं. संध्याकाळी नळदुर्गच्या स्टँडजवळ आमच्या कट्ट्यावर विषय निघाला तो बाळूच्या बॅनरवरून. मुक्तिसंग्राम दिनाच्या बॅनरवर स्वामी रामानंद तीर्थ अंगठ्याएवढे आणि बाळू गॉगल लावून पुरुषभर.

"खाली हुतात्म्यांना अभिवादन लिहिलंय की!"

"कोणत्या?" सुभेदार तात्यांनी विचारलं. तात्या कारगिलच्या वक्ताला पलटणीत होते. एरवी फारसं बोलत नाहीत.

"सगळ्याच."

"एकाचं नाव सांग."

बाळूनं मोबाइल काढला.

"ठिव ते. हवालदार बचित्तरसिंग, दुसरी शीख पलटण. १३ सप्टेंबर १९४८. सोलापूरकडून भारताची फौज निजामाच्या राज्यात शिरली त्याच दिवशी, हितं नळदुर्गाजवळ. मांडीत गोळी लागून पडला, तरी सरपटत जाऊन दोन हातबॉम्ब टाकले, समोरची मशीनगन गप केली. मरणोत्तर अशोकचक्र मिळालं त्याला."

कोणी काही बोललं नाही. मी ह्याच गावचा, बोरीच्या पुलावरून रोज जातो. मलाही हे नाव चाळिशीत कळलं, तेही तात्यांकडूनच. शाळेत १७ सप्टेंबरची एवढी भाषणं ऐकली, त्यात हा माणूस कधी आला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

"पण तात्या, ती पोलीस अ‍ॅक्शन होती. युद्ध थोडंच?"

"नाव पोलिसाचं, मेला जवान. युद्ध नव्हतं म्हणून त्याच्या आईला कमी वाटलं आसंल का?"

"आन् २६ जुलैला मी स्टेटस ठिवतो ते?"

"ठिव की. कारगिलला ५२७ गेले. तिरंग्यातल्या पेट्या दारात आल्या, गावानं डोळ्यांनी बघितल्या, म्हणून ते ध्यानात राहिले. ६५ला, ७१ला घरी नुसती तार यायची. त्या पोरांचं कोण स्टेटस ठिवतंय?"

एवढ्यात मास्तरांना जुनं आठवलं. "बॅनरला पैसे कुठून आले रे? गणपतीच्या वर्गणीचा हिशेब अजून दिला नाहीस."

"मास्तर, ५१ रुपये देऊन तीन साल झाले हिशेब मागलालाव!"

मग काय, वर्गणी, डीजे, मास्तरांनी परत न केलेली शिडी, सगळं निघालं. चहाचा दुसरा राउंड झाल्यावर बाळू म्हणाला, "बरं, पुढल्या साली बचित्तरसिंगाचं नाव टाकतो."

"फोटो कुणाचा?"

बाळूनं बराच विचार केला. "माझाच. पण गॉगल काढून."

तात्याही पोट धरून हसले. उठताना मात्र बाळूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बचित्तर. त ला त जोडून. चुकवू नको."