फोटोखालची चिठ्ठी

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा मेसेज आला. "मॅडम, तुमच्या खंड्याच्या चोचीत सापसुरळीचं डोकं बाहेरच्या बाजूला आहे. घरटं किती लांब होतं?"

बाकी काही नाही. रागावणं नाही, उपदेश नाही. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

ज्या फोटोबद्दल ती विचारत होती तो माझा सगळ्यात जास्त लोकांनी पाहिलेला फोटो. तिबोटी खंड्या. चिमणीपेक्षाही लहान पक्षी, शेंदरी चोच, जांभळट डोकं, पिवळं पोट. पायाला चारऐवजी तीनच बोटं, म्हणून तिबोटी. मिरगाच्या सुमाराला कोकणात येतो आणि ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ कोरून पिल्लं काढतो. माझ्या फोटोत तो शेवाळलेल्या फांदीवर बसलाय, चोचीत सापसुरळी, मागे हिरवा अंधार. खाली मी लिहिलं होतं, "पावसाळी पाहुणा. तिबोटी खंड्या, कोकण, जुलै २०१९." एका स्पर्धेत त्याला बक्षीसही मिळालं.

आता तिच्या प्रश्नाचा अर्थ सांगते. खंड्याला भक्ष्य स्वतः खायचं असेल तर तो त्याचं डोकं आपल्या घशाकडे करून घेतो. डोक्याकडून गिळलं की पाय, खवले घशात अडकत नाहीत. दुसऱ्याला भरवायचं असेल तर उलटं धरतो, डोकं बाहेर, म्हणजे घेणाऱ्याच्या तोंडात आधी डोकं जाईल. जुलै महिना आणि डोकं बाहेर, म्हणजे बहुतेक पिल्लांना भरवणं चालू आहे आणि बीळ जवळच कुठेतरी आहे. मी फोटोखाली जे लिहायचं टाळलं होतं ते तिनं फोटोतच वाचलं.

बीळ आठ-नऊ फुटांवर होतं. आम्ही पाच जण हिरव्या कापडाच्या आडोशात लेन्सा लावून बसलो होतो. ती शेवाळलेली फांदी तिथं उगवलेली नव्हती, ती आणून रोवली होती, पार्श्वभूमी चांगली यावी म्हणून. बिळासमोरचे नेचे कापलेले होते. ते मी कापले नव्हते, पण कापलेले दिसत होते आणि मी काही बोलले नाही. गाईडला पैसे देऊन बसले.

मला घड्याळ लावून बघायची सवय आहे, म्हणून हे आकडे डायरीत आहेत. पहिल्यांदा पक्षी आला तेव्हा त्याच्या चोचीत खेकडा होता. तो बिळात शिरला नाही. फांदीवर बसून डोकं वरखाली करत राहिला. बावीस मिनिटं. मग खेकडा घेऊन तसाच उडून गेला. बिळातून पिल्लांचा बारीक आवाज येत होता. त्या बावीस मिनिटांत मी चारशेच्या वर फ्रेम घेतल्या आणि मला मनापासून आनंद झाला होता, की किती छान बसलाय, हलतसुद्धा नाहीये. सापसुरळीचा फोटो नंतरच्या फेरीतला.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, एकवीस वर्षं झाली. ज्यांनी प्रॅक्टिकलं केलीत त्यांना आठवत असेल, टायट्रेशनला तीन रीडिंगं घ्यायची आणि जुळलेलं रीडिंग सी.बी.आर., म्हणजे पक्कं रीडिंग म्हणून लिहायचं. मुलं काय करतात? एकदाच करतात आणि जर्नलमध्ये तीनदा ९.८ लिहून मोकळी होतात. मी अशी जर्नलं परत देते. आलं असेल ते लिही म्हणते. ९.६ आलं तर ९.६ लिही, आणि थेंब जास्त पडला असं वाटत असेल तर तेही शेजारी लिही. चुकलेल्या रीडिंगचे मार्क मी कापत नाही, बसवलेल्या रीडिंगचे कापते. मेसेज पाठवणारी मुलगी याच प्रयोगशाळेत शिकली. आता ती पक्ष्यांवर संशोधन करते.

तुम्ही म्हणाल, एका फोटोच्या ओळीवरून एवढं कशाला? त्याचं उत्तर मी आमच्या खानदेशातूनच देते.

रानपिंगळा. सागाच्या जंगलातलं छोटं घुबड, दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसणारं. गावातल्या पिंगळ्यासारखंच दिसतं, पण पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, याच्या डोक्यावर जवळजवळ नसतात. १८७३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून मोजके सात-आठ नमुने. त्यातला एक मात्र अपवाद होता, तारीख १९१४, ठिकाण गुजरातमधलं तापीकाठचं मांडवी. गोळा करणारा रिचर्ड माइनर्ट्झहागेन, ब्रिटिश कर्नल, पक्ष्यांचा मोठा जाणकार म्हणून नावाजलेला.

संग्रहालयातल्या पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. कोणी, कुठे, कधी. ती चिठ्ठी काढली तर उरतो तो नुसता पिसांचा पेंढा. त्या १९१४च्या चिठ्ठीवर सगळ्यांचा विश्वास होता, कारण ती सगळ्यात अलीकडची होती.

ती खोटी होती. माइनर्ट्झहागेननं लंडनच्या संग्रहालयातून दुसऱ्याचे नमुने चोरले होते, त्यांत पुन्हा भरण भरलं होतं आणि स्वतःच्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या. हे घुबड मुळात जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यानं १८८०च्या दशकात खानदेशात मिळवलेलं. अमेरिकन संशोधक पामेला रासमुसेन यांनी ही चोरी उघड केली. प्रत्येक गोळा करणाऱ्याची कातडं भरण्याची आपली एक पद्धत असते, जशी प्रत्येक बाईची घडी घालायची असते. नमुन्याचे क्ष-किरण फोटो काढले तेव्हा वरच्या दुरुस्तीखाली डेव्हिडसनचा हात दिसला. एका प्रकारच्या फोटोनं दुसऱ्या प्रकारचं खोटं पकडलं.

मांडवी बाद झाल्यावर मग जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं उरली. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे तिघं पूर्वेकडची ठिकाणं पाहून रिकाम्या हातानं शहाद्याजवळ आले. तेव्हा शहादा आमच्याच धुळे जिल्ह्यात होतं. आणि तिथं, सकाळच्या उन्हात, रानपिंगळा बसलेला होता. ११३ वर्षांनी. त्यांनी त्याला मारून कातडं नेलं नाही, व्हिडिओ घेतला, फोटो काढले. पुरावा म्हणून तेवढं पुरलं.

मी तेव्हा धुळ्यात बी.एस्सी. करत होते. पुढं ही गोष्ट समजली तेव्हा मला कर्नलचा राग आला तो चोरीसाठी नाही. एका माणसाच्या मोठेपणासाठी बांधलेल्या एका चिठ्ठीमुळे कित्येक वर्षं लोकांच्या डोक्यात त्या पक्ष्याचा नकाशाच चुकीचा होता, आणि त्याच वर्षांत खरी जंगलं तुटत होती.

आता आमच्याकडे बंदुका नाहीत, कॅमेरे आहेत. कातडं नाही, फाईल आहे. चिठ्ठीच्या जागी फोटोखालची ओळ आहे. ती ओळ आम्ही किती सहज लिहितो!

२०१७ साली वन्यजीव छायाचित्रणाच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत ब्राझीलमधल्या एका फोटोला एका गटात बक्षीस मिळालं. रात्र, चमकणाऱ्या अळ्यांनी उजळलेलं वाळवीचं वारूळ आणि त्याकडे येणारं मुंगीखाऊ. पुढच्या वर्षी ते काढून घेतलं गेलं. पाच शास्त्रज्ञांनी वेगवेगळं बसून त्या प्राण्याच्या अंगावरचे पट्टे, केसांचे झुबके त्या उद्यानाच्या केंद्रात ठेवलेल्या पेंढा भरलेल्या मुंगीखाऊशी ताडून पाहिले आणि सगळ्यांचं मत एकच आलं, की फोटोतला प्राणी तोच पेंढा भरलेला आहे. छायाचित्रकारानं आरोप नाकारला, हेही सांगायला हवं. पण वारूळ खरं होतं, अळ्यांचा उजेड खरा होता, तो फोटो तेवढ्यावरही सुंदर होता, याची मला फार हळहळ वाटते.

आणि हे फक्त छंदवाल्यांचं नाही. २०१६ मध्ये एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी जीवशास्त्राचे २०,६२१ शोधनिबंध नुसत्या डोळ्यांनी तपासले, त्यातली चित्रं. ३.८ टक्के निबंधांत एकच चित्र दोन ठिकाणी वापरणं, फिरवून लावणं, ठिगळ जोडणं असे प्रकार होते. काही निष्काळजीपणानं झालेले, पण निदान निम्म्यांत मुद्दाम केल्याच्या खुणा होत्या. म्हणजे तीनदा ९.८ लिहिणारी मुलं मोठी होऊन कुठं जातात ते दिसतं.

मी फोटो एडिट करायच्या विरोधात नाही. उजेड वाढवा, कापा, काळापांढरा करा. १९१९च्या ग्रहणाची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश किती वाकतो हे फोटोंच्या काचांवर मोजायचं होतं. आइनस्टाइनप्रमाणे १.७५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), न्यूटनच्या हिशेबानं त्याच्या निम्मं. ब्राझीलमध्ये सोब्रालला एका दुर्बिणीचं चित्र उन्हानं फोकस हलल्यामुळे पसरट आलं, त्याचं उत्तर न्यूटनच्या जवळ जाणारं निघालं. मोहिमेमागचे शास्त्रज्ञ एडिंग्टन, डायसन यांनी ते निकालात धरलं नाही. त्यावरून आजही त्यांच्यावर पक्षपाताची टीका होते. पण त्यांनी तो आकडा निबंधात छापला, का सोडला ते लिहिलं आणि काचा जपून ठेवल्या. म्हणून १९७९ साली त्याच काचा नव्या यंत्रानं पुन्हा मोजता आल्या आणि त्या टाकून दिलेल्या दुर्बिणीचंही उत्तर आइनस्टाइनच्या बाजूला आलं. निवड प्रत्येकाला करावी लागते. निवडलं काय आणि सोडलं काय हे सांगून ठेवणं, एवढंच मी मागते.

माझे काही मित्र म्हणतात, फोटो ही कला आहे, कलेला कसली आलीय चिठ्ठी. मला हे पटत नाही. चित्रकारानं खंड्या काढला तर पक्ष्याचं काहीच जात नाही. माझ्या फोटोसाठी एका पिल्लाची एक फेरी गेली. फोटोतला जीव त्या वेळी तिथं खरोखर असतो, यातच फोटोची सगळी ताकद आहे आणि त्यातच जबाबदारी. दुसरे म्हणतात, असे फोटो पाहूनच लोकांना पक्ष्यांची माया लागते. हे खरं आहे, मलाही तशीच लागली. पण माझा फोटो पाहून चार जणांनी मला त्या गाईडचा नंबर मागितला. मी दिला.

एक गुंता मात्र माझ्याकडून अजून पूर्ण सुटलेला नाही. खरं लिहायचं म्हटलं तर ठिकाण लिहायला हवं आणि ठिकाण लिहिलं तर जिवावर बेततं. दक्षिण चीनमधल्या एका सुंदर पालीचं १९९९ मध्ये शास्त्रीय वर्णन छापलं गेलं आणि मूळ ठिकाणच्या पाली पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी पकडून संपवल्या. शास्त्रज्ञांच्या प्रामाणिक चिठ्ठीनंच पत्ता दिला. आंबोलीत पावसाळ्यात बेडूक, चापडे साप शोधणाऱ्या दिव्यांची गर्दी मी पाहिली आहे, तेव्हा ही भीती मला कागदावरची वाटत नाही. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या जातींचं ठिकाण आपोआप धूसर होतं, ती पद्धत मला योग्य वाटते. मी आता सरळ लिहिते, "ठिकाण मुद्दाम दिलेलं नाही." ही लपवाछपवी नाही. काय सांगितलं नाही हे वाचणाऱ्याला कळतं. आणि मोबाईलवरून फोटो पाठवताना लोकेशन बंद आहे ना, तेवढं कृपया बघत जा. फाईलच्या पोटात अक्षांश-रेखांश बसलेले असतात.

रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्षी बोलावण्याचंही असंच. रानपिंगळ्याची गणना करताना संशोधक हेच करतात. पण ते परवानगी घेऊन, किती वेळ वाजवायचं ते ठरवून करतात आणि पद्धत लिहून ठेवतात. पक्ष्याला तो आवाज हद्दीत घुसलेला वैरी वाटतो. रविवारी सकाळी एकाच झाडाखाली आठ गाड्या आळीपाळीनं तोच आवाज वाजवतात तेव्हा तो बिचारा प्रत्येक वेळी भांडायला उतरतो.

त्या विद्यार्थिनीला मी उत्तर पाठवलं. घरटं किती लांब होतं ते सांगितलं, बावीस मिनिटंही सांगितली. स्पर्धावाल्यांनाही कळवलं, बक्षीस परत घ्या म्हणून. फोटो काढून टाकला नाही, त्याखालची ओळ बदलली. आता तिथं असं आहे: "तिबोटी खंड्या, जुलै २०१९. बीळ आठ-नऊ फुटांवर. पाच माणसं. फांदी रोवलेली. समोरचे नेचे कापलेले. याआधी हा पक्षी खेकडा घेऊन बावीस मिनिटं बसला आणि न भरवता परत गेला. ठिकाण मुद्दाम दिलेलं नाही."

रोज रात्री तासभर जुन्या फोल्डरांना बसते. २०१६ आणि २०१७ झालं, २०१८ चालू आहे. ज्यांची आठवण पक्की नाही तिथं "कसा मिळाला ते नोंदलेलं नाही" एवढंच लिहिते आहे. खंड्याचा तो फोटो तुमच्यापैकी पुष्कळांनी पुढे पाठवलाय. जुन्या ओळीसकट कुणाच्या ग्रुपवर दिसला तर त्याखाली ही नवी ओळ टाका.