‘अनास्था’ हे कारण पटलं नाही

ऊसतोड बायका गर्भाची पिशवी काढून घेतात, त्यामागे त्यांच्यावरच्या लेखात ‘आरोग्याविषयीची अनास्था’ सांगितली आहे. अजिबात पटलं नाही. मी बीड जिल्ह्यात आशा सेविका म्हणून काम करते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, उचल म्हणजे आगाऊ रक्कम दोघांच्या जिवावर. एक दिवस चुकला की मुकादम खाडा लावतो, म्हणजे दंड कापतो. पाळीत अंगावर जातंय, कोपीजवळ, म्हणजे राहायच्या झोपडीजवळ, ना मोरी ना पुरेसं पाणी, तरी पहाटे उसाच्या फडात उतरावंच लागतं. हंगाम संपल्यावर अशी बाई खासगी दवाखाना गाठते, तर तिथे ‘काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ म्हणतात. तिशीतली बाई घाबरून तयार होते. २०१९ च्या सरकारी समितीच्या पाहणीत बीडमधल्या ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. एवढ्या जणी अनास्थेने ऑपरेशन करून घेतात?

मानसशास्त्राच्या संशोधकांना या बायकांचा अभ्यास करायचा असेल तर जरूर यावं. ऑपरेशननंतरची कंबरदुखी, चिडचिड, उडालेली झोप बायका आम्हाला सांगतात, पण नोंद कुणी घेत नाही. फक्त ‘उदास वाटतं का’ याआधी ‘खाडा किती लागला’ हे विचारा. आणि दसऱ्याच्या आत या, नंतर सगळे ऊसतोडीला निघून जातात, गावात म्हातारीकोतारी आणि पोरंच भेटतील.