सोलापूरच्या माळावर झाडं कशाला?

सोलापूरचं ऊन कमी करायचं तर माळावर झाडं लावा, असं म्हणणारे आणि माळाला माळच राहू द्या म्हणणारे, यांच्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा जुंपली आहे. पहिल्या बाजूला जवळजवळ सगळे. दुसऱ्या बाजूला मी आणि पक्षी बघत हिंडणारा एक मित्र. त्यात मी राहतो जर्मनीत, गोटिंगेनला. त्यामुळे माझ्या वाट्याचं उत्तर ठरलेलं असतं: "का बे, तिकडं गारव्यात बसून आम्हाला गवत शिकवायलास व्हय?"

टोमणा रास्त आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ ला टेकतो तेव्हा सोलापुरात सात रस्ता चौकात रिक्षाची वाट बघत उभ्या असलेल्या माणसापुढे गवताचं कौतुक करायला जिगर लागते. तरी लिहितो, कारण ज्या गारव्याचा मला टोमणा बसतो, तो गारवाच इथं डोळ्यांदेखत मरतो आहे.

गोटिंगेनहून हार्त्सचे डोंगर जवळ आहेत. जर्मन माणसाच्या डोक्यातलं जंगल म्हणजे हे: काळपट हिरवी, सरळसोट स्प्रूसची झाडं. आज तिथं गेलं तर डोंगरच्या डोंगर राखाडी दिसतात. उभ्या झाडाची साल हातानं ओढली तर पत्र्यासारखी निघून येते, आणि आतल्या बाजूला नक्षी कोरलेली असते. मधोमध एक उभी रेघ, तिच्या दोन्ही अंगांना दाटीनं निघालेल्या आडव्या रेघा, टोकाकडे रुंद होत गेलेल्या. मधली रेघ मादी भुंगेऱ्यानं अंडी घालताना कोरलेली, बाजूच्या तिच्या अळ्यांनी. भुंगेरा जेमतेम पाच मिलिमीटरचा. झाडात पाणी असेल तर ते चीक सोडून त्याला जागीच बुडवतं. २०१८ ते २०२० सलग कोरडी वर्षं गेली, झाडांना चीक सुटेना, उन्हाळे लांबले म्हणून भुंगेऱ्याच्या एका वर्षात जादा पिढ्या निघाल्या, आणि जंगल कोसळलं. २०१८ पासून देशभरात सुमारे ५ लाख हेक्टर जंगल गेलं. म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याचा एक तृतीयांश भाग.

आता हे निसर्गानं केलं म्हणावं, तर ते अर्धंच खरं. एवढी स्प्रूस तिथं आपसूक आली नव्हती. खाणींना लाकूड हवं म्हणून आधी लावली, दुसऱ्या महायुद्धानंतर जेत्या देशांना द्यायच्या नुकसानभरपाईपोटी बेसुमार तोड झाली तेव्हा उघडे पडलेले डोंगर झटपट झाकायला पुन्हा तीच लावली. सरळ वाढते, लवकर वाढते, विकली जाते. हिशेब चोख होता, फक्त हवामान तेच राहील हे त्यात गृहीत धरलं होतं. आणि गंमत म्हणजे आपल्या वनखात्याची घडीही याच शाळेतल्या माणसानं बसवली. १८६४ साली हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला तो डीट्रिश ब्रँडिस, जर्मनच. मोजणी, आराखडा, दहा-दहा वर्षांचं नियोजन, हे सगळं त्याच परंपरेतलं. त्यात वाईट काही नाही. पण मोजलं काय जातं, यावर पुढचं सगळं ठरतं.

जर्मनीनं मोजलं ते सांगतो. २०२२ च्या राष्ट्रीय वनगणनेचे निकाल २०२४ मध्ये आले. २०१७ पासून जर्मनीचं जंगल कार्बन साठवण्याऐवजी सोडतं आहे, असं सरकारनंच जाहीर केलं. ज्या देशाचा एक तृतीयांश भाग जंगल आहे, तिथली ही गोष्ट. झाड लावलं की कार्बन जमा झाला, अशी पावती आपण जूनमध्ये फाडतो, ती किती कच्ची असते हे यावरून कळावं.

यातून इथं काय निघालं? भांडणं भरपूर निघाली. अमेरिकेतून आलेली डग्लस फर लावा म्हणणारे आहेत, काहीही लावू नका, मेलेली खोडं उभी ठेवा, आपोआप येईल ते येऊ द्या म्हणणारेही आहेत. दुसऱ्यांच्या हाताशी बव्हेरियाच्या राष्ट्रीय उद्यानाचा दाखला असतो: १९८३ च्या वादळात पडलेली झाडं तिथं उचललीच नाहीत, पुढे भुंगेऱ्यानं डोंगर बोडके केले, गावकरी खवळले, आणि आज तिथं पूर्वीपेक्षा जास्त जातींचं तरुण जंगल आहे. पण मला सगळ्यात कामाची वाटली ती २०२२ च्या नोव्हेंबरात सुरू झालेली एक सरकारी योजना. जंगल हवामानाला जुळवून घेईल असं सांभाळणाऱ्या मालकाला हेक्टरी दरवर्षी १०० युरोपर्यंत मिळतात. अटी वाचल्या तर हसू येतं, कारण निम्म्या अटी काय करू नका याच्या आहेत. सरसकट तोड नको. मेलेली लाकडं उचलू नका. आपोआप उगवलेल्या रोपांना आधी जागा द्या. मोठ्या मालकांनी ५ टक्के जमीन २० वर्षं हातही न लावता सोडायची. हात आवरता ठेवण्याचे पैसे.

आता सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळाकडे या.

माळावर झाडं लावायची म्हणजे प्रत्यक्षात काय करतात, हे ग्रुपवरच्या फोटोत नीट दिसत नाही. आधी जेसीबी येतो. उतारावर सलग समतल चर ओढतो. वीतभर माती, खाली मुरूम. त्या वीतभर मातीत मारवेल, पवन्या, कुसळी अशा गवतांच्या मुळांची जी जाळी वर्षानुवर्षं विणली गेलेली असते, ती चराच्या भरावावर उलटी पडते. त्यावर ग्लिरिसिडिया किंवा तसंच कुठलं तरी, हमखास जगेल असं वाटणारं झाड लावतात. ग्लिरिसिडिया मध्य अमेरिकेतली. जगली तर तिच्याखाली गवत फारसं येत नाही, नाही जगली तर चर तेवढा उरतो. दोन्हीकडून माळ गेला.

हा उद्योग वाईट हेतूनं चालत नाही. २०१९ साली राज्यानं ३३ कोटी झाडांचा संकल्प केला होता. त्याआधीची तीन वर्षं २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी असे चढते आकडे होते. देशानं जगाला शब्द दिला आहे की २०३० पर्यंत जंगलं आणि झाडांतून २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड जादा शोषू. एवढी जागा आणायची कुठून? मग नजर जाते मोकळ्या माळाकडे. आपल्या वनसर्वेक्षणाची व्याख्या अशी की, एक हेक्टरवर झाडांची सावली दहा टक्के जमीन झाकत असेल तर ते वनाच्छादन. त्यात आंब्याची बाग बसते. काळवीट, लांडगा आणि खोकड सांभाळणारा माळ बसत नाही, कारण त्याच्या डोक्यावर पानं नाहीत. त्याचा कार्बन मातीत, मुळांत. वणवा गेला तरी खाली शाबूत राहतो, दुष्काळातही राहतो, पुढच्या पावसात वर हिरवं येतं. पाण्याअभावी वाळलेलं रोप हे करू शकत नाही.

सोलापूरचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही सप्टेंबरवर टेकलेला. एक जुलैला लावलेलं रोप पावसानं ओढ दिली की ऑगस्टमध्ये मान टाकतं, हे तिथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. आणि पाऊस येतो तेव्हा कसा येतो, हे २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुरानं दाखवलंच. हे आता असंच चालणार असेल, मधे कोरडं आणि मग एकदम धो-धो, तर उथळ जमिनीला धरून ठेवणारं काय, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. त्याचं तयार उत्तर तिथं आधीपासून उगवलेलं आहे.

ग्रुपवरचा झाडांच्या बाजूचा एक मित्र म्हणतो, मग सावली कुठून आणू? शहरात आण. होटगी रोडला आण, शाळेच्या पटांगणात आण, रस्ता रुंद करताना तोडलेल्या कडुनिंबाच्या जागी आण. तिथं टँकरचं पाणी पोचतं, राखण करायला माणूस असतो. माळावर लावलेल्या झाडाची सावली शहरातल्या रिक्षा स्टँडवर पडत नाही. शहरातल्या झाडासाठी, तीन उन्हाळे पाणी घालायची हमी असेल तर, मी हवी तेवढी वर्गणी देतो. माळावरच्या चरांसाठी नाही.

त्याच मित्राचं एक म्हणणं मात्र मला खोडता येत नाही. माळ राखायचा म्हणजे लोकांना हाकलायचं, असाच सोलापूरचा अनुभव आहे. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं ते सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, शेतं, अख्खं शहर आलं. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली आणि लोकांना पक्ष्याचा राग यायला लागला. पुढे ते सव्वाबाराशेच्या आसपास आणलं गेलं, पण राग आधीच मुरला होता. माळढोक वर्षाला बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. अशा पक्ष्याला शेजारच्या माणसाचा राग परवडत नाही. आता तो नान्नजला दिसलाच तर बातमी होते.

म्हणून चराईबंदीचा फलक लावून माळ वाचेल, असं मला वाटत नाही. इथं जर्मनीतही तसंच आहे. हरणं रोपं खातात म्हणून वनवाले शिकाऱ्यांना दोष देतात, शिकारी वनवाल्यांना, आणि तोडगा निघतो तो दोघांना एका टेबलाशी बसवल्यावरच. माळावर ते टेबल धनगरांसोबत मांडावं लागेल. पावसाळ्यात गवत वाढून बी गळेपर्यंत एक तुकडा बंद, मग मेंढरांना खुला, पुढच्या वर्षी दुसरा तुकडा. यात नवीन शोध काही नाही, जुनी कुरणं अशीच राखली जायची. फरक एवढाच करायचा की बंद काळातल्या चाऱ्याचे पैसे त्या माणसाला रोख मिळावेत, जसे इथं जंगलमालकाला मिळतात.

जर्मनीचा पैसा आपल्याकडे नाही, हे मान्य. पण चर ओढायला, रोपवाटिकेला, रोपं वाहून न्यायला आणि मेलेल्यांच्या जागी पुन्हा लावायला पैसा निघतोच आहे. अडचण रकान्याची आहे. सरकारी नकाशात असला माळ बहुतेक ठिकाणी अजून पडीक जमीन म्हणून रंगवलेला असतो, आणि पडीक जमिनीला सुधारणेसाठीच निधी मिळतो, राखण्यासाठी मिळत नाही. पुढच्या वेळी वनखात्याची कार्य आयोजना, म्हणजे पुढच्या वर्षांचा कामाचा आराखडा, तयार होईल तेव्हा नान्नज-मार्डीच्या माळाला गवताळ प्रदेश म्हणून वेगळा रकाना मागायला हवा. एवढं झालं तर चाऱ्याचे पैसे कुठल्या शीर्षाखाली घालायचे, हे जिल्हा नियोजन समितीला निदान विचारता तरी येईल.