डीएपीचा कस चुन्याने कळत नाही

पुणे जिल्ह्यात हंगाम तोंडावर आला की शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) या खताबद्दल एक संदेश हमखास फिरतो: ‘डीएपीचे दाणे चुन्यात चोळा, उग्र वास आला तर खत असली. तव्यावर फुगले तर असली. पाण्यात तळाशी काही उरलं तर भेसळ. 46 टक्के फॉस्फरस घरीच तपासा, लॅबची गरज नाही.’ यावर विसंबून कुणी चांगली गोणी परत करतो, तर कुणी बनावट गोणी उसाला घालून बसतो.

आधी चुना. तो वास अमोनियाचा, म्हणजे नत्राचा. अमोनियम सल्फेटमध्ये स्फुरद (म्हणजे फॉस्फरस) नावालाही नसतं, तरी चुना लागताच तेही तसाच वास सोडतं. डीएपीच्या गोणीत 20:20:0:13 हे अमोनियम फॉस्फेट सल्फेट खत भरलं तरी वास येईल, स्फुरद मात्र निम्म्याहून कमी. तव्याचंही तेच. अमोनियम फॉस्फेट असलेलं दुसरं खतही तापल्यावर फुगतं. किती आहे, हे तवा सांगत नाही.

पाण्याची चाचणी तर उलटाच निकाल देते. युरिया पूर्ण विरघळतो आणि त्यात स्फुरद शून्य. अस्सल डीएपी मात्र थोडं गढूळ राहतं, कारण ते बनवायच्या फॉस्फोरिक आम्लात खडकातून आलेलं लोह, अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम असतं आणि त्यांचे न विरघळणारे फॉस्फेट दाण्यात उरतात. त्यात पाणीही आपला रंग दाखवतं. एकाच गोणीतले दाणे खडकवासल्याच्या नळाच्या पाण्यात टाका आणि बोअरच्या जड पाण्यात टाका. बोअरच्या ग्लासात पांढरट साका जास्त बसेल. डीएपीचं द्रावण किंचित अल्कधर्मी असतं, त्यात पाण्यातला कॅल्शियम स्फुरदाला धरून खाली बसतो. हा साका तुमच्याच पाण्याचा, भेसळीचा नव्हे.

‘46 टक्के फॉस्फरस’ हेही चूक. गोणीवरचा 46 हा आकडा फॉस्फरस पेंटॉक्साइडचा, म्हणजे फॉस्फरस आणि ऑक्सिजनच्या संयुगाचा आहे. त्याला 0.4364 ने गुणलं की मूलद्रव्य फॉस्फरस निघतो, सुमारे 20 टक्के. अहवालात 20 दिसला तर आधी तो कशाचा आकडा आहे ते पाहा, मग दुकानदाराशी भांडा.

प्रयोगशाळा नेमकं काय करते? दाणे दळून नमुना एकजीव करतात. गोणीच्या तळाचा नुसता भुगा घेतला तर इथेच आकडा बिघडतो. 1 ग्रॅम खत नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून 250 मिली करतात, त्यातलं 10 मिली घेतात. खत अस्सल असेल तर एवढ्यात 18.4 मिलिग्रॅम पेंटॉक्साइड असतं. त्यात क्विनोलिन-मॉलिब्डेटचं अभिकर्मक घालून उकळलं की पिवळा गाळ बसतो. अभिकर्मकात अ‍ॅसिटोन असतो, म्हणून उघडी ज्योत चालत नाही. गाळ गाळून, धुऊन, 250 अंशांवर अर्धा तास वाळवून वजन करतात. ते साधारण 574 मिलिग्रॅम भरतं, म्हणजे मोजायच्या पदार्थाच्या तीसपटीहून जास्त. म्हणूनच वजनात 1 मिलिग्रॅम चुकला तरी निकाल 0.1 टक्क्याच्या आतच हलतो. मात्र गाळ नीट धुतला नाही किंवा 105 अंशांवर वाळवून थांबलं, तर वजन जास्त भरतं आणि कमी कसाचं खत पास होतं.

एवढ्यावर थांबलं तरी फसगत होऊ शकते. आम्लात रॉक फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाचा कच्चा खडकही विरघळतो, त्यामुळे ‘एकूण’ स्फुरदात त्याची भेसळ लपते. म्हणून दुसरा 1 ग्रॅम गाळणी कागदावर घेऊन थोड्या थोड्या पाण्याने तासाभरात धुतात. त्या पाण्यातलं स्फुरद वेगळं मोजतात. उरलेला भाग 65 अंशांवर उदासीन (ना आम्ल, ना अल्क) अमोनियम सायट्रेटमध्ये तासभर ठेवतात. त्यातही जे विरघळत नाही, ते एकूण स्फुरदातून वजा केलं की पिकाला उपलब्ध स्फुरद उरतं. इंदापूर-बारामतीच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत हा फरक पिकावर दिसतो, कारण रॉक फॉस्फेट आम्लधर्मी जमिनीत विरघळतं, तिथे नाही.

शंका आली तर गोणी फोडू नका. शिलाई आणि बॅच क्रमांक शाबूत ठेवा, पक्की पावती जपा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. खत निरीक्षक नियमाप्रमाणे नमुना घेऊन त्याचे तीन भाग सीलबंद करतो, त्यातला एक खत नियंत्रण प्रयोगशाळेत जातो. पिशवीत भरून नेलेले मूठभर दाणे तपासता येतात, पण विक्रेत्यावर कारवाई होते ती सीलबंद नमुन्यावरच.