चार गोदावरी आत, सहा गोदावरी बाहेर

"ताई, तुमचा श्वास चालू नाहीये."

मंगळवारी सकाळी पावणेसातला, कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, बाकावर नीट बसलेल्या एका जिवंत बाईला हे ऐकवण्यात आलं. ती बाई मी. दमेकऱ्यांना आणि ऑपरेशन झालेल्यांना श्वास घ्यायला शिकवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. म्हणजे आचाऱ्याला गाठून "तुमच्याकडे चूल पेटत नाही वाटतं?" असं विचारण्यातला प्रकार. आज शुक्रवार आहे. राग अजून उतरलेला नाही.

बोलणारे काका साठीच्या पुढचे. पांढरा टी-शर्ट, कानटोपी, मफलर. निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर आला की नाशिककर ज्या बंदोबस्तात बाहेर पडतो, तो सगळा. उजव्या हाताच्या तर्जनीत जपाचं ते प्लास्टिकचं काउंटर, अंगठीसारखं चढवायचं आणि अंगठ्याने टिक दाबायचं. त्यावर आकडा होता ९१२.

"काका, चालू आहे. हळू चालू आहे."

"हळूने काय होतं? फुफ्फुसाचा कोपरा न् कोपरा झाडून निघाला पाहिजे. दिवाळीची साफसफाई हळू करता का तुम्ही?" टिक.

मी जे करत होते ते दिसण्यासारखं नव्हतं, हे कबूल. चार मोजत नाकाने आत, सहा मोजत नाकाने बाहेर. सेकंद मोजायला घड्याळ लागत नाही. मनात न घाई करता एकदा "गोदावरी" म्हटलं की साधारण एक सेकंद होतो. चार गोदावरी आत, सहा गोदावरी बाहेर, दहा सेकंदांत एक श्वास, मिनिटाला सहा. स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो, त्याच्या निम्मे किंवा त्याहून कमी. बाहेर सोडणं लांब ठेवायचं कारण एवढंच, की श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. सोडणं लांबवलं की मंदावण्याचा वेळ वाढतो. खांदे हलत नाहीत, छाती फारशी हलत नाही, पोट तेवढं बोटभर पुढे येतं. आवाज शून्य. आवाज शून्य, म्हणून काकांच्या लेखी काम बंद.

"हे बघा," म्हणत काका माझ्यासमोर पाय फाकवून उभे राहिले आणि त्यांनी सुरुवात केली. फुस्स! फुस्स! फुस्स! प्रत्येक फुस्सला खांदे कानापर्यंत जात होते, मान मागे पडत होती आणि चेहरा असा होत होता की कोणीतरी गाडी पायावरून नेली असावी. सिंहस्थासाठी खणलेल्या रस्त्यावरून एसटीच्या मागच्या सीटवर बसून गेलं की माणूस असाच हलतो. तिसऱ्या फुस्सला माझ्या चष्म्यावर तुषार आले. काका थांबले नाहीत. मीच बाकावर अर्धा हात सरकले.

काकांच्या मते ही कपालभाती. आता कपालभाती म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात ती प्राणायामात धरलेलीच नाही. धौती, नेती यांच्या पंगतीत बसलेली ती शुद्धिक्रिया आहे. तीत हलतं ते फक्त बेंबीखालचं पोट. पोटाला झटका देऊन हवा बाहेर टाकायची, आत घ्यायची मात्र नाही. पोट सैल सोडलं की ती आपोआप येते. लोक चुकतात ते इथेच. बाहेरही जोरात आणि आतही जोरात, म्हणजे ती कपालभाती राहत नाही, भस्त्रिका नावाच्या भात्यासारख्या प्राणायामाचं बेसूर भावंड होतं. नवख्याने वीस-तीस झटके, मग मिनिटभर साधा श्वास, अशा तीन फेऱ्या कराव्यात. पोट रिकामं, जेवून तीन-चार तास झालेले. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, फिट्स, काचबिंदू, गरोदरपण, पोटाचं नुकतंच झालेलं ऑपरेशन, यांतलं काहीही असेल तर या वाटेला जायचंच नाही. ट्रॅकवर पन्नास जणांना एका दमात कपालभाती करायला लावणारा यांतला एकही प्रश्न विचारताना मी पाहिलेला नाही.

काकांच्या ग्रुपचा तर रविवारचा क्रमच उलटा. आधी मिसळ, मग कपालभाती. "तर्री जिरते," असं त्यांचं शास्त्र. तर्री जिरत नाही हो. पोटाच्या झटक्याने ती आल्या वाटेने वर येते, छातीत जळजळतं आणि मग सोमवारी तीच मंडळी "हार्टचं तर नसेल ना?" म्हणून ईसीजी काढायला जातात.

शंभरेक झटक्यांनंतर काकांनी बाकाची पाठ धरली. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान.

"बघा, आली. गरगरलं की समजायचं, शक्ती वर चढली. बोटांना मुंग्या आल्या की विष बाहेर पडलं."

शक्ती नाही, विष नाही. भराभर फुंकर मारली की शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोकं हलकं होतं. रक्त थोडं अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी पडतं आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. घाबरलेल्या माणसालाही नेमकं हेच होतं. त्याला आपण डॉक्टरकडे नेतो, काकांनी ते रोज सकाळी स्वखुशीने मिळवलेलं असतं. यावर उपाय साधा: थांबा, बसा, हळू सोडा. मी म्हटलंही, "काका, बसा जरा." त्यांनी ते शिष्याचं आर्जव समजून घेतलं आणि माझ्या शेजारी बसून पुढचा धडा काढला.

"झाडाखाली सकाळी ऑक्सिजन किती असतो, माहितीये? भरून घ्यायचा. दिवसभराचा साठा." टिक.

साठा! हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असतो, झाडाखाली आणि द्वारकाच्या चौकातही. (चौकात बाकी काय काय असतं, तो भाग निराळा.) निरोगी माणसाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९५ ते ९९ दाखवतो. म्हणजे रक्त जवळजवळ काठोकाठ भरलेलंच आहे. गंगापूर धरण भरलं की वरून येणारं पाणी धरणात राहत नाही. ते दरवाज्यांतून सुटतं, होळकर पुलाखालून निघतं, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागतं आणि आपण मोबाइल काढून पूर बघत उभे राहतो. तसंच हे.

आणि जोरात-भराभर म्हणजे जास्त हवा, हाही गैरसमजच. एका साध्या श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा आत जाते. त्यातली १५० घसा आणि नळ्यांतच राहते, फुफ्फुसाच्या फुग्यांपर्यंत पोचत नाही. सकाळी नळ सोडला की आधी पाइपातलं शिळं पाणी येतं ना, तसा हा हिशेब दर श्वासाला लागू. आता ५००चे बारा श्वास घ्या: सहा लिटर, त्यातले ४.२ लिटर कामाचे. उथळ २५०चे चोवीस घ्या: तेही सहा लिटरच, पण कामाचे फक्त २.४. मेहनत दुप्पट, माल जवळपास निम्मा. हे मी काकांना बाकाच्या धुळीवर बोटाने लिहून दाखवलं. त्यांनी कौतुकाने वाचलं आणि विचारलं, "मॅथ्स शिकवता का?"

एव्हाना त्यांचा महिला विभाग जमला होता. काकांनी निदान जाहीर केलं, "ह्या ताईंचा श्वास खाली उतरत नाही. घरी टेन्शन आहे." सहा बायकांनी माझ्याकडे ज्या मायेने पाहिलं, ती माया मला अजून टोचते. एकीने हळूच विचारलं, "मिस्टर काय करतात?" दुसरीने थर्मासमधला काढा पुढे केला. ज्येष्ठमध, दालचिनी, मिरी, "दिवसातून तीनदा घ्या." ज्येष्ठमध रोज भरपूर पोटात गेलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घटतं, हे सांगायला मी तोंड उघडलं. तोंड उघडं दिसताच तिने त्यात काढा ओतला.

मी सुस्कारा सोडला. लगेच तिसरी म्हणाली, "सकाळी सकाळी सुस्कारे टाकू नयेत."

आता सुस्काऱ्याची तरी बाजू घेऊ द्या. तिन्हीसांजेला सुस्कारा टाकला की घरात अवदसा येते, असं ऐकत आपण वाढलो. खरं तर प्रत्येक माणूस दर पाचेक मिनिटांनी नकळत एक सुस्कारा टाकतोच. फुफ्फुसातले मिटत चाललेले फुगे त्याने पुन्हा उघडतात. लहान मूल रडून दमलं की हुंदका देतं, नाकाने दोन टप्प्यांत आत आणि मग लांब बाहेर, तीच युक्ती मोठ्यांनाही लागू पडते. जीव घाबरा झाला की पूर्ण श्वास घ्या, त्यावर आणखी एक छोटा घ्या आणि तोंडाने सावकाश सोडा. असं दोन-तीनदा पुरतं.

काकांनी मात्र अनुलोम-विलोम काढलं होतं. कोपर आकाशात, नाक असं दाबलेलं की पडदा एका बाजूला झुकावा. मग "डावी बंद आहे तुमची!" असं शेजारणीला बजावून झालं. अहो, एक नाकपुडी कमी चालणं हा सगळ्यांचाच नेम आहे, काही तासांनी बाजू आपोआप बदलते. उजव्या हाताची पहिली दोन बोटं मिटायची, अंगठा उजवीकडे, अनामिका डावीकडे, नुसती टेकवायची. डावीने घ्यायचं, उजवीने सोडायचं, उजवीने घ्यायचं, डावीने सोडायचं, हे एक आवर्तन. कोपर खाली सैल, नाहीतर पाच मिनिटांत खांदा भरून येतो आणि माणूस म्हणतो प्राणायाम मला सोसत नाही. घरी करायचं तर त्याहून सोपं: उताणं झोपून पोटावर अर्धा किलो तूरडाळीची पिशवी ठेवा आणि ती वर-खाली करा. पाच मिनिटं. पिशवी हलली नाही आणि गळपट्टीची हाडं हलली, तर श्वास चुकला. फुफ्फुसाला मास्तर लागत नाही, तूरडाळ पुरते.

इथवर माझं हसू टिकून होतं. मग काका म्हणाले, "आमच्या ग्रुपात दोघांचा दम्याचा पंप सुटला. सोडायलाच लावला मी. सवय लागते त्याची."

टिक.

याचं काय करायचं, मला खरंच कळत नाही. पंपातल्या एका झोताचं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं, तेच गोळीतून घेतलं तर मिलिग्रॅममध्ये, म्हणजे कितीतरी पट. तरी लोक गोळी मुकाट गिळतात आणि पंपाला लाजतात. लग्न ठरायचं असेल तर कपाटात लपवतात. घेतात तोही अर्धा हवेत. श्वास आधी पूर्ण सोडा, हळू आत ओढायला लागताच दाबा, दहा गोदावरी रोखा, पुढचा झोत अर्ध्या-एक मिनिटाने. स्टेरॉइडचा असेल तर चूळ भरा. हे पाचदा शिकवून, लिहून देऊन, घरच्यांना बोलावून बसवावं लागतं. आणि ट्रॅकवरचा एक माणूस फुस्स करून ते पुसून टाकतो. थंडीत, धुळीत, शेकोट्यांच्या धुरात या शहरातले दमेकरी आधीच बेजार असतात. प्राणायाम पंपाच्या जोडीला छान आहे. पंपाच्या जागी नाही. हे मी बऱ्यापैकी मोठ्याने बोलले असणार, कारण महिला विभाग चालता झाला.

काका गप्प. मग म्हणाले, "२०२१पासून एक दिवस चुकवलेला नाही मी."

२१ एप्रिल २०२१ला याच शहरात एका रुग्णालयाच्या ऑक्सिजन टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या खिशात ऑक्सिमीटर होता, घराघरात माणसं पालथी निजवून आकडा ९४च्या वर जायची वाट बघत होती. काकांच्या घरात त्या वर्षी काय झालं, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

"चला, चहा पाजतो," ते म्हणाले.

ट्रॅकबाहेरच्या टपरीवर काकांसाठी स्टीलची बशी वेगळी ठेवलेली असते. त्यांनी चहा बशीत ओतला, बशी ओठांशी नेली, ओठांचा चंबू केला आणि नाकाने बेताचा श्वास घेऊन फुंकर घातली. बारीक, सलग, न थरथरणारी. मी सवयीने मोजलं. एक गोदावरी, दोन गोदावरी... सहा. खांदे जागच्या जागी, गळा सैल, पोट हळूहळू आत. चंबूमुळे आत थोडा दाब राहतो, बारीक नळ्या मिटत नाहीत आणि अडकलेली हवा पुरती बाहेर येते. हीच फुंकर शिकवायला मला एकेका पेशंटमागे तीन-तीन दिवस लागतात. काकांनी ती सलग पाच वेळा घातली. काउंटर एकदाही वाजलं नाही.

"काय बघताय?"

"काही नाही. चहा छान फुंकता."

"हॅ, त्यात काय." त्यांनी बशी ठेवली, खिसे चाचपले. "सुट्टे आहेत का हो ताई?"

दोन चहांचे तीस रुपये मी दिले. काकांनी काउंटर डोळ्यांपाशी नेऊन वाचलं. १००४.

"अरे, चारच राहिले," म्हणाले, आणि टपरीला टेकून उभ्या उभ्या, श्वासबिस काही न घेता, त्यांनी चार वेळा टिक केलं.