तीन पाती आणि एक नख

खिशात चाकू बाळगावा की नाही, हा प्रश्न मला कधीच पडलेला नाही. कोणता बाळगावा, हा मात्र रोज सकाळी पडतो, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत मी एका पायात मोजा चढवून, दुसरा मोजा हातात धरून कपाटाच्या खणापुढे उभा असतो. खणात ४१ घडीचे चाकू आहेत. त्यांची मिळून १०३ पाती भरतात, असा हिशेब मी एकदा हौसेने केला आणि तो घरात मोठ्याने सांगण्याची चूक केली. तेव्हापासून घरात काहीही कापायचे निघाले आणि ते माझ्याकडून कापले गेले नाही, की आतल्या खोलीतून "एकशे तीन पाती!" एवढेच ऐकू येते. त्यावर देता येईल असे उत्तर मला अजून सुचलेले नाही.

कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो, की खलनायकाच्या हातात खटकन उघडतात त्या जातीचे हे चाकू नव्हेत. हे जुन्या वळणाचे, दोन-तीन-चार पात्यांचे, हाडाच्या नाहीतर लाकडाच्या मुठीचे आणि दोन्ही टोकांना निकेल सिल्व्हरच्या टोप्या घातलेले सज्जन आहेत. (निकेल सिल्व्हरमध्ये चांदी औषधालासुद्धा नसते, तांबे, निकेल आणि जस्त यांचे ते मिश्रण असते. हे मला पहिला चाकू घेतल्यानंतर कळले.) उघडलेले पाते अडकवून ठेवणारा खटका यांना नसतो. मुठीच्या पाठीत पोलादाची एक पट्टी बसवलेली असते, ती पात्याच्या बुडावर सतत दाब देत राहते, आणि केवळ तिच्या भिडेखातर पाते उघडे तरी राहते किंवा मिटलेले तरी. उलट्या बाजूने जोर पडला, तर पाते भीड सोडते आणि मिटते; मध्ये आपले बोट आहे काय, याची ते चौकशी करत नाही. काही चाकूंत ते अर्ध्या वाटेवर, काटकोनात, क्षणभर थबकते. बोट काढून घेण्यासाठी मिळालेली ती मुदत आहे, असे मी समजतो.

जाणकार मंडळी या चाकूंची परीक्षा चाल आणि बोल या दोन गोष्टींवरून करतात. पाते किती मऊसूत फिरते ती त्याची चाल, आणि जागेवर बसताना कसा आवाज करते तो त्याचा बोल. चांगला बोल एकदा कानी पडला की पुनःपुन्हा ऐकावासा वाटतो. परंतु मिटताना पाते नुसते सोडून दिले, तर काही चाकूंत त्याची धार आतल्या पट्टीवर आपटते आणि बोथट होते. म्हणजे ज्या सुखासाठी चाकू घ्यावा, तेच त्याच्या मुळावर येते. मी स्वतःला रात्री झोपण्यापूर्वी तीन वेळा एवढी परवानगी दिली आहे. चौथ्या वेळी शेजारच्या उशीवरून खाकरण्याचा आवाज येतो, आणि त्याचा बोल चाकूपेक्षा खणखणीत असतो.

आता नखाकडे येतो, कारण माझ्या सर्व हालअपेष्टांचे मूळ तिथे आहे. या चाकूंच्या पात्यावर चंद्रकोरीसारखी एक खाच असते. तीत अंगठ्याचे नख घालून पाते ओढायचे असते. मुठीत तीन पाती शेजारीशेजारी दाटीवाटीने बसलेली असली, की हव्या त्या पात्याची खाच नको त्या पात्याच्या आड जाते, आणि मग आधी नको ते उघडावे लागते. पट्टी जितकी कडक तितका चाकू कसदार, असे मानणारे एक घराणे आहे. पाते न झगडता उघडावे, असे मानणारे दुसरे. मी तत्त्वाने पहिल्या घराण्यात आहे आणि नखाने दुसऱ्या. फार कडक चाकूंना इंग्रजीत 'नेल ब्रेकर' म्हणतात. माझ्या खणातल्या तसल्या सहा जणांचे बारसे मी 'नखफोडे' असे केले आहे. सांध्यात तेलाचा थेंब सोडून पाहिला, पाते शंभर वेळा उघडमीट करून पाहिले. तेल सदऱ्याला लागले आणि उघडमीट एकोणिसाव्या वेळी नखासह संपली. पुढे मी उजव्या अंगठ्याचे नख मुद्दाम वाढवले. कार्यालयातल्या एकाने आदराने विचारले, "आपण एखादं तंतुवाद्य वाजवता का?" मी हो म्हणालो. खरे कारण सांगण्यापेक्षा वाद्य शिकणे सोपे गेले असते.

एका चाकूला इतकी पाती कशाला, असे सर्वजण विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर रास्त असूनही माझ्या कामाचे नाही. सगळ्यांत लहान पात्याला 'पेन ब्लेड' म्हणतात, कारण पिसाच्या लेखणीचे टोक तासण्यासाठी असले पाते वापरत. एकोणिसाव्या शतकात पोलादी टाक कारखान्यांतून निघू लागले आणि पिसे सुटली, पाते मात्र सुटले नाही. माझा लाडका चाकू 'स्टॉकमन' घराण्यातला, म्हणजे अमेरिकेतल्या गुराख्यांसाठी घडलेल्या नमुन्याचा आहे. त्याचे मोठे पाते सर्वसाधारण कामांसाठी. दुसरे 'शीपफूट', सरळ धारेचे आणि बिनटोकाचे, मेंढ्यांची खुरे छाटण्यासाठी. तिसरे 'स्पे', बोथट नाकाचे; ते गुरांच्या खच्चीकरणासाठी असते, आणि जनावराने अचानक अंग काढले तर उगाच टोचू नये म्हणून त्याला टोक ठेवलेले नसते. ही माहिती मी पत्नीला मोठ्या उत्साहाने दिली. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आपला बैल कधी येणार?" अकरा वर्षे हा चाकू माझ्या खिशात आहे. बैल अजून आलेला नाही, परंतु तो आलाच तर माझी तयारी नव्हती असे कुणाला म्हणता येणार नाही.

अनेक पात्यांचा हा सोस माझ्यापासून सुरू झाला नाही, याचा मला आधार वाटतो. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात तिसऱ्या शतकातले एक रोमन घडीचे हत्यार आहे, आणि त्यात सुरीच्या जोडीला चमचा, काटा आणि आणखी काही टोकदार अवजारे आहेत. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स या कारखान्याने १८२२ साली १८२२ पात्यांचा एक चाकू घडवला आणि पुढे सालागणिक पाती वाढवली. तो खिशात मावत नाही, हा त्याचा एवढा एकच दोष. ही हकिकत मी घरात सांगितलेली नाही, कारण "एकशे तीन" या आकड्याची सध्या जी दहशत आहे ती कमी होईल की वाढेल, याचा मला अंदाज नाही.

संग्रह म्हटला की जुन्या चाकूचे वय काढणे आले. केस या अमेरिकी कंपनीने त्यासाठी मोठी गमतीची सोय केली होती. १९७० साली तिने पात्याच्या बुडावरील शिक्क्याखाली दहा ठिपके उठवले आणि पुढे दर वर्षी एकेक ठिपका कमी केला. म्हणजे नऊ ठिपके दिसले की १९७१, आठ दिसले की १९७२. असा एक चाकू मी भिंग लावून, खिडकीशी नेऊन, श्वास रोखून तपासला. ठिपके बरोबर दहा भरले. मालिकेच्या पहिल्याच वर्षाचा नमुना मिळाला म्हणून मी न घासाघीस करता तो घेतला, घरी आणला आणि प्रेमाने त्याच्यावरून तेलाचा बोळा फिरवला. दहावा ठिपका बोळ्यावर आला. तो गंजाचा होता. पुसल्याने एका वर्षाने तरुण झालेली वस्तू मी त्याआधी पाहिली नव्हती.

गंज हा या छंदातला कायमचा पाहुणा आहे. जुन्या चाकूंचे पोलाद साधे, कार्बनचे असते; त्याला धार सुरेख लागते, पण घाम, दमट हवा आणि आंबट फळ यांपैकी काहीही त्याला सोसत नाही. एखादे फळ चिरले की पाते निळसर-काळे पडते. हा काळेपणा चांगला आणि तांबडा गंज वाईट, असे शास्त्र आहे. काळा थर तांबड्याला बराचसा आवर घालतो, हे खरेही आहे. पण काळ्या पात्याने कापलेली फोड पाहुण्याच्या हातात ठेवून त्याला ते पटवून देणे मला जमलेले नाही.

माझ्या एका मित्राला यातले काहीच सोसावे लागत नाही. त्याच्याकडे लाल मुठीचा एकच स्विस चाकू आहे आणि तो त्याला चाकू म्हणूनच वागवतो. कार्ल एल्सेनर या स्विस चाकू-कारागिराने १८९१ साली स्विस सैन्याला शिपायांचे चाकू पुरवायला सुरुवात केली. त्यात एक पाते, एक भोके पाडायची आरी, डबा उघडायचे हत्यार आणि बंदूक खोलण्यासाठी पेचकस, एवढाच संसार होता. १८९७ साली आलेल्या अधिकाऱ्यांच्या चाकूत बाटलीचे बूच काढण्याचा स्क्रू आला. सैन्याने मात्र हा चाकू अधिकाऱ्यांना दिला नाही; ज्याला हवा त्याने तो पदरमोड करून घ्यायचा होता, यावरून अधिकाऱ्यांचे आणि माझे दुःख एकाच जातीचे असावे असे वाटते. मित्राचा चाकू न गंजणाऱ्या पोलादाचा आहे. त्याला त्याच्या चाकूतील पात्यांची नावे ठाऊक नाहीत, पट्टीचा बोल त्याने कधी ऐकलेला नाही, आणि मुठीत कोंबलेल्या दातकोरणीवर त्याचे निस्सीम प्रेम आहे. मी त्याला मनातल्या मनात अडाणी म्हणतो. पण चारचौघांत "कुणाकडे चाकू आहे का?" अशी हाक उठते, तेव्हा काय होते ते पाहण्यासारखे असते. मी छाती काढून "आहे" म्हणतो आणि खिशात हात घालतो. मग आठवते, की आजच्या चाकूच्या धारेने अजून कशालाही स्पर्श केलेला नाही, आणि चिकटपट्टीचा डिंक पात्याला लागला तर तो काढायला संध्याकाळ जाईल. निदान पेन ब्लेड वापरावे, म्हणून मी त्याची खाच शोधू लागतो. सगळे माझ्याकडे पाहत असतात. मी चष्मा पुसतो. तेवढ्यात मित्राने दोरी कापलेली असते, खोक्याची झाकणे उघडलेली असतात, आणि कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून "असू द्या, असू द्या" म्हणत असते.

विमानतळावरची गोष्ट मी सांगणार नाही. खिशात चाकू विसरून सुरक्षा तपासणीच्या दारातून गेलेल्या प्रत्येक संग्राहकाकडे ती असते, ती सगळ्यांची सारखीच असते, आणि तिच्या शेवटी संग्रह एकाने कमी होतो. माझा त्या वेळी ४२ वरून ४१ वर आला.

तो पुन्हा ४२ करण्यासाठी मी गेल्या आठवड्यात एक चाकू मागवला. रविवारी खोके आले. पाठवणाऱ्याने त्यावर चिकटपट्टीचे इतके वेढे दिले होते, की आत चाकू नसून कैदी असावा. माझ्या खिशात तीन पाती होती आणि खणात शंभर. मी स्टॉकमन काढला, अंगठ्याचे नख खाचेत घातले, ओढले, आणि अकरा आठवडे जपलेले ते नख मुळापासून अर्ध्या अंतरावर आडवे तुटले. पत्नीने माझ्याकडे पाहिले, दारामागच्या खिळ्यावरची किल्ली घेतली आणि किल्लीच्या दातांनी सगळे वेढे दोन मिनिटांत फाडून काढले.

आत हाडाच्या मुठीचा, तीन पात्यांचा, कुणी क्वचितच हाताळलेला देखणा चाकू होता. तो उघडून पाहायला माझ्याजवळ नख उरले नव्हते. "अहो, द्या इकडे," ती म्हणाली, आणि आपल्या नखाने तिने एकामागून एक तिन्ही पाती उघडली. तिसऱ्या पात्याचे बोथट नाक तिने उजेडाकडे धरून बराच वेळ न्याहाळले.

"यालाही बैलाचं पातं आहे," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे पाहू लागली.